निळे हात

गूळ काढताना त्याचा आंबूस वास आला, की मला शुक्रवार पेठेतला आमचा निळीचा रांजण आठवतो. वडील, म्हणजे आमचे दादा, रंगारी होते. गूळ-चुना घालून नीळ आंबवायची. विरजण लागतं तसा रांजण लागला, की सूत हिरवट निघायचं आणि वाऱ्यावर बघता बघता निळं व्हायचं. एकदा काही केल्या रांजण लागेना. अशा वेळी खोटी बातमी उठवायची, ही रंगाऱ्यांची रीत. बातमी जितकी वाईट, तितका रंग पक्का. "पोरगी गेली म्हनून सांगतो लोकास्नी," वडील मला म्हणाले, "तू हितंच बस. हूं की चूं करू नको." दुपारी ओसरीवर बायकांचा आक्रोश उठला. आईला खरं ठाऊक होतं, तरी तिचाच आवाज सगळ्यांत मोठा होता. माझ्याच मरणाचं रडणं ऐकत मी अंधाऱ्या खोलीत रांजणापाशी बसले होते, तेवढ्यात रांजणावर तांबूस फेस आला. मी कोपरापर्यंत हात बुडवले आणि "दादा, लागला की!" म्हणत बाहेर धावले. माझे हिरवट हात सगळ्यांदेखत निळे पडत गेले. शेजारच्या मावशी किंचाळून मागे सरल्या. पुढे मी शाळेत रसायन शिकवलं. रांजणात नीळ हायड्रोजन घेते, ते क्षपण. हवेतला ऑक्सिजन तो काढून घेतो, ते ऑक्सिडीभवन. मुलींना चटकन कळायचं. मावशींनाही मी कितीदा तरी समजावलं. त्या शांतपणे ऐकून घ्यायच्या; पण मरेपर्यंत त्यांनी माझ्या हातून पाण्याचा पेलासुद्धा घेतला नाही.