पिवळ्या चिंध्यांचा राब

तुमच्या ताटातला भात कुठल्या राखेवर उगवला, हे कधी कुणाला विचारलंत? नाही. तांदूळ जुना की नवा, एवढंच विचारता तुम्ही.

आमच्या पेण-रोह्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी त्या वाफ्यावर राब भाजतात. पालापाचोळा, तोडलेल्या डहाळ्या, शेण, गवत यांचा थर द्यायचा आणि उन्हाळ्यात पेटवायचा. तण मरतं, रोप जोमात येतं. राब न भाजणारा माणूस इथं आळशी ठरतो. गिरजाबाई आळशी नव्हती. घात झाला तो तिथंच.

हमरापूरच्या अलीकडे एका वाडीत तिचं शेत. नवरा मागेच वारला, एकुलती मुलगी वैशाली रोह्याजवळच्या वरसे गावी दिलेली. हंगामात गिरजाबाई दिनानाथच्या कारखान्यात गणपती रंगवायला जायची. पितांबर तिच्याकडे. पिवळ्या रंगाचा हात असा फिरवायची की दिनानाथ म्हणायचा, "बाय, तुझा पितांबर बाजारात लांबून वळखू येतो."

पुढे गोठ्यातली जनावरं गेली, शेण गेलं. रानात डहाळी तोडायला जावं तर हटकणारे उभे. राबाला घालायचं काय? कारखान्यामागं रंग पुसलेल्या चिंध्यांचा ढीग पडलेला, रंगानं लडबडलेली पोती, पेंढा, झडलेले ब्रश. दिनानाथला कचरा उचलणारं माणूसच हवं होतं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात ती तो ढीग पाटीनं शेतात नेऊ लागली. रंग स्वस्तातला, डब्यावर ना नाव ना गाव. चिंध्या मात्र झकास पेटायच्या.

मी गेलो होतो वेगळ्याच शिकारीला. रोह्याकडच्या एका नाल्याकाठच्या भातात जड धातू उतरलेत, असा माझा वहीम. कंपनीवाल्यांना उघडं पाडायचं म्हणून तिथला तांदूळ तपासायला दिला, आणि शेजारी ठेवायला लांबचा, चांगला तांदूळ पाहिजे म्हणून गिरजाबाईकडून ओंजळभर मागून आणला. नाल्याकाठचा तांदूळ मर्यादेत निघाला. गिरजाबाईच्या तांदळात कॅडमियम निघालं, मर्यादेच्या कितीतरी वर. मी प्रयोगशाळेतल्या माणसाशी फोनवर भांडलो, पिशव्या बदलल्यात म्हणालो. पुन्हा तपासायला लावलं, सोबत मातीही दिली. तांदळाचं तेच, आणि मातीत कॅडमियमबरोबर शिसंही.

मग मी तिच्या शेतात जाऊन उभा राहिलो. वाफ्याच्या कडेला अर्धवट जळलेली चिंधी होती, पिवळी. सगळं समजलं. असल्या रंगातला धातू जळून जात नाही, राखेत राहतो, आणि पावसाच्या पाण्यानं ती राख वाफ्यातून खालच्या खाचरात उतरते. आमची माती आंबट, तिच्यात कॅडमियम सुटं होतं आणि मुळांतून दाण्यात चढतं. खाणाऱ्याच्या मूत्रपिंडात वर्षानुवर्षं साठत राहतं. हे मला कुठल्या कॉलेजानं शिकवलेलं नाही. शोधून वाचलंय, आणि पुढं रोह्याच्या एका सभेत ओरडून सांगितलंयही.

गिरजाबाईला पटेना. "भाऊ, देवाच्या अंगावरचा रंग हाय तो. त्यानं वाईट कसं व्हईल?"

"देवाला तो भात खायचा नाय, मावशी. आपल्याला हाय."

मग एवढंच म्हणाली, "वैशालीला दिवस गेलेत. तिचा तांदूळ?"

दर साली नवा तांदूळ आणि वाल घेऊन ती एसटीनं वरशाला जायची. तेच तिचं लेकीला देणं. मी म्हटलं, यंदा नको.

"लेकीला नवा तांदूळ नाय, तर मला शेत कशाला रं?"

रडली नाही. दुसऱ्या दिवशी विचारायला आली, माती सुधरते का. मी खोटं बोललो नाही. धातू मातीतून निघून जात नाही. त्याला तिथंच बांधून ठेवता येतं. चुना टाकून मातीचा आंबटपणा मोडायचा. कुजलेलं शेणखत घालायचं. गिरणीवरचं भाताचं तूस झाकून धुमसवायचं, राख होऊ द्यायची नाही, आणि तो काळा कोळसा मातीत मिसळायचा. खाचरातलं पाणी दाणा भरेपर्यंत कोंडून धरायचं. आणि चिंध्या बंद.

तिनं सगळं केलं. शेजारचा काळुराम बांधावर बसून बघायचा. चुना टाकताना म्हणाला, "काय गो वयनी, शेताला विडा देतेस काय? कात-सुपारी कधी?"

"तू थुंकायला येशील म्हणून ठेवलीय," ती म्हणाली. तो हसला. ती नाही.

पहिल्या पिकात आकडा उतरला, पण मर्यादेच्या वरच राहिला. तो तांदूळ वरशाला गेला नाही. वैशालीला मुलगी झाली, किमया. बारशाला गिरजाबाई रिकाम्या हातानं गेली आणि जेवायच्या आधी परतली. दुसऱ्या पिकाला मोठ्या खाचराचा तांदूळ मर्यादेत आला. जिथं चिंध्या जळल्या तो वाफा मात्र सुधरला नाही, तो पडीकच टाकायचा. तरी तिनं नवा तांदूळ पाखडून पिशवी बांधली, आणि मला म्हणाली, "तू चल. तुझं ऐकतील."

वरशाला तिची विहीण, विमलबाई, दारातच होती. मी मोबाइलवर आकडे दाखवले. जुना, नवा, मर्यादा. आवाजही चढवला, तो माझा चढतोच.

विमलबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "रोह्याच्या सभेत तुम्हीच सांगितलंत ना, असल्या राबाचा भात म्हणजे ताटातलं विष? मी पुढंच बसलेली. आता त्याच तोंडानं बरा म्हणताय. आम्ही कधीचं धरायचं?"

सभेत बोललो ते चिंध्यांच्या भाताचं, तेही खरं; दारात बोललो ते सुधारलेल्या खाचराचं, तेही खरंच.

"घरात बाळ हाय, विहीणबाई," विमलबाई म्हणाल्या. "राग मानू नका. चहा घ्या."

वैशाली आत किमयाला पाजत होती. तिनं वर पाहिलं. "आये, पुढच्या साली बघू," म्हणाली, आणि मान खाली घातली.

येताना वाटेत गडब गावी आम्ही चहाला उतरलो. गिरजाबाई टपरीच्या बाकड्यावर मांडीत पिशवी घेऊन बसली. चहा निवला. "मीच खाईन," ती म्हणाली. "मला काय व्हायचंय आता." चांगला तांदूळ होता तो. तिला मात्र आता तोही विषाचाच वाटत होता.

यंदा उन्हाळ्यात मी पुन्हा तिच्याकडे गेलो. चुन्याचं पोतं बांधावर टेकवून ती उभी होती, नजर काळुरामच्या वाफ्याकडं. तिथं राब रचलेला. वर गवत, खाली पिवळं, लाल. दिनानाथचा कचरा आता तो उचलतो.

मी काळुरामला धरलं. चार शब्द वाईट बोललो. तो म्हणाला, "तिची माती आंबट, भाऊ. माझी गोड हाय." आणि काडी ओढली. त्याचा तांदूळ त्याच्या लेकीकडं गडबला जातो. गिरजाबाई घराकडं निघून गेली, धूर यायच्या आधी.

तुमच्या गावात राब रचलेला दिसला, तर पेटवायच्या आधी वरचं गवत बाजूला करा. खाली रंगाची एक जरी चिंधी सापडली, तर ती काढा, आणि शेतकरी शिव्या घालेल तरी तिथून हलू नका.