तीन तिकिटांची डेट

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. एक आठवला की त्याचा पदर धरून दुसरा येतो, अन् दुसऱ्याच्या मागं तिसरा उभाच असतो. दुपारी लायब्ररीत डबे उघडले की मैत्रिणी म्हणतात, "ती डेट सांग की गं!" पण मला सुरुवात डेटच्या बरीच आधीपासून करावी लागते. कारण मी दचकते.

म्हणजे साधंसुधं नाही, लई दचकते. मागून कुणी "मॅडम" म्हटलं तरी हातातली पुस्तकं खाली! धाराशिवच्या कॉलेजात लायब्ररीची नोकरी धरली ती याच आशेनं, की तिथं शांतता असते. शांततेत जास्त दचकायला होतं, हे नोकरी लागल्यावर कळलं.

*

मला बघायला आलेलं पहिलं स्थळ लातूरचं. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले, मुलाच्या काकांसमोर वाकले, आणि आत कुकरनं शिट्टी दिली.

पाचही कप काकांच्या मांडीवर!

काका उभे राहिले. पॅन्ट झटकली. म्हणाले, "आलं चांगलं घातलंय."

मला वाटलं, चला, माणसं मोठ्या मनाची आहेत. दोन दिवसांनी मध्यस्थांचा निरोप आला, "मुलीला काही होतं का? एकदा डॉक्टरला दाखवून घ्या."

तेव्हापासून पाहुणे यायच्या दिवशी आमच्याकडं भात पातेल्यात होतो.

*

दुसरं स्थळ ओंकारचं. येरमाळ्याला हायवेवर त्याचं ठिबकच्या पाइपांचं दुकान आहे. ते लोक आले त्या दिवशी आईनं घराचा पार दवाखाना केला होता. कुकर बंद, बेल बंद, मिक्सर माळ्यावर. शेजारच्या काकूंना सांगून त्यांची भजनांची सीडीसुद्धा बंद! मी एकदाही दचकले नाही. चहा मांडीवर न जाता हातात गेला.

त्यांचा होकार आला.

आता उत्तर माझ्याकडून जायचं होतं, आणि मला झोप येईना. त्यांना पसंत पडलेली मुलगी न दचकणारी होती. ती मी नव्हतेच! सांगावं तर लातूरसारखं होणार. न सांगावं तर लग्नानंतर पहिल्याच शिट्टीला कळणार.

पप्पा म्हणाले, "एकदा दोघं बाहेर भेटा, बोला. भेटून झालं की मला फोन कर. व्हय का न्हाय, एवढंच सांग."

आई म्हणाली, "आणि हे बघ, तिथं दचकू नकोस!"

*

ओंकारचा फोन आला. "पुण्याचं संगीत नाटक आलंय. रविवारी आधी जेवू, मग नाटक बघू. तिकिटं काढलीत. तीन."

"तीन?"

"आत्या येणारय."

शकूआत्या तामलवाडीच्या. ओंकारला लहानाचं मोठं त्यांनीच केलं, आणि त्यांच्या घरात लग्नाआधी मुलगा-मुलगी एकटे फिरत नाहीत. स्टँडवर भेटल्या भेटल्या त्या म्हणाल्या, "माझ्याकडं ध्यान देऊ नका पोरांनो. म्या न्हाईच असं समजा."

आणि रिक्षात आमच्या दोघांच्या मध्ये बसल्या!

*

डिनर म्हणजे संध्याकाळी साडेपाचला. "उपाशी पोटी गाणं ऐकू नये," हे आत्यांचं म्हणणं. हॉटेलच्या फॅमिली सेक्शनमध्ये आम्ही तिघंच. पंखासुद्धा आम्ही आल्यावर लावला.

ओंकारला माझ्यासमोर जरा छाप पाडायची असावी. त्यानं सिझलर मागवलं. मी मैत्रिणींकडून ऐकून होते, ते चर्र करत येतं. म्हणून टेबलाची कड घट्ट धरून बसले. वेटर आला. धूर, वाफ, चरचर! मी खुर्चीतून वीतभर उडाले, पण माझ्याकडं बघायला कुणाला वेळच नव्हता. कारण आत्या ओरडल्या, "आगं बया, पेटलं की!" आणि पाण्याचा अख्खा जग त्याच्यावर ओतला.

वेटर बघतच राहिला. आत्या त्याला म्हणाल्या, "बघतो काय बाबा, कापड घेऊन ये. आणि पोळलं न्हाय न्हवं कुठं?"

ओंकारनं ते ओलं सिझलर शेवटपर्यंत खाल्लं. मी विचारलं, "कसं आहे?"

"रस्सा भाजी म्हणून चांगलंय," तो म्हणाला.

*

हॉलमध्येही मधली खुर्ची आत्यांचीच. नाटकाला तीन घंटा होतात हे मी आधीच विचारून ठेवलं होतं. पहिलीला दचकले नाही, दुसरीलाही नाही. तिसरीची वाट बघत श्वास धरून बसले, तर घंटेच्या आधीच स्पीकरमधून गडगडाट झाला, "रसिकहो!"

माझा पाय समोरच्या खुर्चीवर आपटला.

आत्यांनी वळून बघितलं. "मुंग्या आल्या व्हय गं?"

"हो आत्या. मुंग्याच."

"पाय हलवत राहा मग."

पहिला अर्धा तास मी पाय हलवत नाटक बघितलं.

*

नाटकात गोंधळाचा एक प्रवेश होता. चौरंगावर देवी झालेली नटी, पुढं दिवटी, बाजूला संबळ. पुण्यात या प्रवेशाला टाळ्या पडत असतील. आमच्याकडं संबळावर पहिली थाप पडली आणि खुर्च्यांखाली चपला सरकवल्याचा आवाज आला. सगळे अनवाणी! स्टेजवरचा गोंधळी ओरडला, "आई राजा उदो!" आणि हॉलनं असं काही "उदो उदो!" केलं, की गोंधळीच दोन पावलं मागं गेला. दचकलेला माणूस मी बरोबर ओळखते.

तेवढ्यात आत्या उठल्या. पिशवीतून खण-नारळ काढला, तरातरा पायऱ्या चढल्या, आणि नटीची ओटी भरायला लागल्या!

विंगेतून मॅनेजर धावत आला. "मावशी, मावशी, हे नाटक आहे!"

"व्हय की, तिकीट काढूनच आलोय," आत्या म्हणाल्या. "पण देवीला उभं केलंय न्हवं तुमी? मग मोकळ्या हातानं कसं बसायचं?"

 तोवर आत्यांच्या मागं बायकांची रांगच लागली. कुणी केळी ठेवली, कुणी पिशवीतलं चिवड्याचं पाकीट. संबळवाला बिचारा थांबेनाच. त्याला वाटलं, आपण थांबलो तर लोक चिडतील.

मधली खुर्ची रिकामी झाली होती. ओंकार जरासा वाकून म्हणाला, "तो खण-नारळ तुमच्यासाठी आणला होता. तुमचा होकार आला तर आत्या आजच ओटी भरणार होत्या."

"मग आता?"

"आता देवीकडं गेला."

एवढंच बोलणं झालं. मी सांगून टाकायला तोंड उघडलं, तर आत्या परत येऊन मध्ये बसल्या.

*

नाटक संपत आलं होतं. नायक गेलेला, नायिका एकटी. सगळे दिवे मंद करून ती अगदी हळू आवाजात गात होती. पेटीसुद्धा थांबली होती. पुढच्या रांगेत कुणीतरी डोळे पुसत होतं. मीही पार विसरून गेले होते, की आपल्याला आज काही सांभाळायचंय.

आणि विंगेत कुणाच्या तरी हातून पितळी तांब्या पडला.

"आई गं!"

माझाच आवाज. एवढा मोठा, की स्वतःच्या आवाजानं मी परत एकदा दचकले. गाणं थांबलं. दिवे आमच्याकडं नव्हते, पण तोंडं होती. अख्ख्या धाराशिवची! आत्या माझ्याकडं बघत होत्या. मला लातूरच्या काकांची पॅन्ट दिसायला लागली. संपलं, म्हटलं. मी मान खाली घातली.

शेजारच्या शेजारची खुर्ची वाजली. ओंकार उभा राहिला होता.

"सॉरी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मी ओरडलो."

त्याचा आवाज हा असा, ट्रॅक्टरसारखा.  मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळा हॉल हसायला लागला. नायिकाही पदर तोंडाशी धरून हसली. मग ओंकारकडं बघून म्हणाली, "दादा, आता गाऊ का मी?"

"गा की," ओंकार म्हणाला आणि खाली बसला. कान लालबुंद.

आत्यांनी एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग पिशवी उचलली. "ऊठ रं. मला हितनं काय दिसंना. तू मधी बस."

नाटक सुटल्यावर आत्या ओंकारला घेऊन रिक्षा बघायला गेल्या आणि मी पायरीवर उभी राहून पप्पांना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"बोल. व्हय का न्हाय?"

"पप्पा, तांब्या पडला नाटकात. मोठ्यानं."

पलीकडं आईचा आवाज आला, "दचकली का? दचकली का ती?"

"मी नाही," मी म्हटलं. "ते ओरडले."

पप्पांना हसू आलं. मग म्हणाले, "बरं. उद्या त्यांच्याकडं पेढे घेऊन जातो."