खाकी कव्हर

गेल्या वर्षी माझा मुलगा निखिल नशेच्या पुडीने गेला. ती पुडी आमच्याच गल्लीतल्या ओंकारने विकली होती. ओंकारला अठरा वर्षे पूर्ण झाली नव्हती. बाल न्याय मंडळाने त्याला सुधारगृहात न पाठवता गावच्या वाचनालयात समाजसेवा करायला लावली.

आज मी वाचनालयात गेले तेव्हा तो पुस्तकांना खाकी कव्हर घालत होता. कागदाची घडी नखाने दाबत होता. पुड्यांच्या घड्याही अशाच घातल्या असतील, असे वाटले. शिक्षा म्हणजे माणूस नजरेआड होणे, अशी माझी समजूत होती. ही शिक्षा त्याला आपल्यातच ठेवते आणि त्याच्याकडे पाहायचे काम आपल्यावर सोपवते. ते मला झेपेल का?

तेवढ्यात माझी धाकटी सई वाचनालयाच्याच अभ्यासिकेतून आली. तिला सगळे ठाऊक आहे.

"ओंकारदादा, माझ्या पुस्तकाला पण घाल ना. मागच्यासारखं वाकडं नको हं!"

"फुकटात मिळतंय ना? मग गप बस," तो हसला. मला पाहताच उभा राहिला. "काकू..."

मी सईचे मनगट धरले.

"आई, दुखतंय," ती म्हणाली.

आता घरात सई आहे आणि मी आहे. गावात अभ्यासिका ही एकच आहे; सईला उद्याही इथेच यावे लागेल.