उनाइसीची चूल आणि देवमाशाचा दात

आमच्या फिजी बेटांवरच्या सावुसावू गावात राग मुरू देत नाहीत. इतर ठिकाणी माणूस राग लोणच्यासारखा बरणीत भरतो, वर फडकं बांधतो आणि वर्षभर पुरवून पुरवून खातो. इथे फडकं बांधायच्या आत अपराध करणारा देवमाशाचा दात घेऊन दारात हजर. मांडी घालून बसतो, मान खाली घालतो, काय चुकलं ते कबूल करतो. याला सोरो म्हणतात. दात पुढे आला की तो घ्यावाच लागतो, आणि घेतला की प्रकरण गाडलं. पुढे त्या माणसाविरुद्ध बोलायचं नाही आणि नवीन काही करायचंही नाही. प्रथा सुंदर आहे. फक्त ज्याला सूड घ्यायचाय त्याची फार पंचाईत होते.

उनाइसीची झाली तशी पंचाईत मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही.

उनाइसी बस स्टँडसमोरच्या वायसाकेच्या खानावळीत स्वयंपाक करायची. वायसाके म्हणजे तिच्या वारलेल्या नवऱ्याचा चुलतभाऊ, नात्याने दीर. खानावळीला लागूनच माझं शिवणकामाचं दुकान, त्यामुळे तिच्या नारळाच्या दुधातल्या मासळीबद्दल मी नाकाने साक्ष देऊ शकतो. त्या वासापायी मी कितीतरी गिऱ्हाइकांच्या बाह्या आखूड कापल्या आहेत. वायसाकेची बायको सालानिएता गल्ल्यावर बसायची. स्वभावाने गरीब, पण तिने पाणी उकळलं तरी ते करपायचं.

चर्चच्या वार्षिक जेवणाला राजधानीहून, सुवाहून, मोठे पाद्री आले. मासळी दोनदा मागून घेतली आणि विचारलं, "हे कुणाच्या हातचं?" वायसाके उठला, बायकोच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "माझ्या सालानिएताच्या. देवाने हातच तसे दिलेत!" टाळ्या झाल्या. पाद्रीबुवांनी डाव हातात घेऊन उभ्या असलेल्या उनाइसीकडे पाहिलं. "आणि या?"

"ती होय? ती आपली भांडी घासायला असते."

उनाइसीने डाव खाली ठेवला आणि चालत घरी गेली. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. माझ्या दुकानात येऊन बसली.

"मास्तर, काय करू मी या माणसाचं?"

"चार शिव्या घाल. मोकळी होशील."

"मोकळं कुणाला व्हायचंय? आणि शिव्या घातल्या तर अपराध माझा. मग दात घेऊन मीच जायचं त्याच्या दारात."

"मग त्याचं छप्पर उडावं म्हणून प्रार्थना कर."

"वादळात माझंच आधी उडतं." ती रस्त्यापलीकडे बघत राहिली. तिथे पर्जन्यवृक्षाच्या सावलीत लाबासाहून येणारी बस थांबते. उतरणाऱ्याला वायसाकेकडे जायचं तर ती सावली ओलांडूनच जावं लागतं. "तिथे मी चूल मांडली तर?"

"म्हणजे धंदा?"

"म्हणजे त्याच्या नाकासमोर मासळी. चूल मांडणं हा काही अपराध नाही. पण मांडायची तर त्याने सोरो करायच्या आत. एकदा दात घेतला की मला त्याच्यासमोर साधी चहाची किटलीसुद्धा ठेवता येणार नाही."

सुडाची योजना पक्की होती, धंद्याची मात्र डळमळीत. तिने जन्मात काही विकलं नव्हतं. "नातेवाईक येऊन 'ताई, एक ताट दे गं' म्हणतील. आपल्यात नाही म्हणतात का?" ती म्हणाली.

"वायसाके म्हणतो की."

"त्याला लाज नाही."

"मग तुझी थोडे दिवस गहाण ठेव."

"आणि बुडाला धंदा तर? परत त्याच्याच दारात. तेव्हा खरंच भांडी घासायला बसवील मेला." मी सुई ओवत बसलो.

ती अशी आज हो, उद्या नाही करत असताना वायसाकेला पश्चात्ताप झाला. आपोआप नव्हे, तो भुकेल्या ड्रायव्हरांनी शिकवला. सालानिएताची मासळी एकदा खाऊन ते पावावर राहू लागले होते. त्यातच झाडाखाली चूल होणार ही कुणकुण लागली. वायसाकेने लगेच मामाकडून देवमाशाचा दात मिळवला आणि उनाइसीच्या घरची वाट धरली. तो पुढच्या दाराने आला, ती मागच्या दाराने खाडीत खेकडे धरायला गेली. चर्चमध्ये त्याने गाठू नये म्हणून ती गाणाऱ्या बायकांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. आवाज फाटका, पण हटली नाही.

बाईच्या वतीने दात घरातल्या वडीलधाऱ्याने घ्यायचा असतो. तो मान तिच्या थोरल्या भावाचा, इनोकेचा. इनोके इतका भला, की कुणी लाकडाचा दात पुढे केला असता तरी गहिवरून घेतला असता. म्हणून उनाइसी त्याला उजाडायच्या आत होडीत बसवून प्रवाळाच्या कड्याकडे पिटाळायची.

"अगं उना, किती मासे धरू? आता मासे मला नावाने हाक मारायला लागले."

"मग ओ दे त्यांना, दादा. घरी नको थांबूस."

घरात मासळीचे ढीग लागले. निम्मी शेजारी वाटली, तरी संपेना. वाटलेल्या मासळीची टोपली परत करताना शेजारणी विचारू लागल्या, "चूल कधी?" माणसं विचार करून धंद्यात पडतात म्हणे. उनाइसीला मासळीने ढकललं.

शनिवार ठरला, बाजाराचा दिवस. सकाळीच तिने गरम पाण्याच्या झऱ्यात, गोणपाटाखाली, कसाव्याचे कंद शिजत लावले. तेवढंच सरपण वाचलं. झाडाखाली चूल पेटली, नारळाचं दूध पडलं आणि वास निघाला. मी बाही मधेच सोडून गेलो. लाबासाची बस वळणावर दिसत होती, आणि रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडून, कडक इस्त्रीचा लुंगीवजा सुलू नेसून, दोन्ही हातांत दात धरून वायसाके येत होता.

"मास्तर, खा!" उनाइसीने ताट माझ्या हातात कोंबलं.

"अगं, कढत आहे—"

"गिळा! पहिलं ताट गेलं की दुकान उघडलं."

मी गिळलं. टाळू दोन दिवस सोललेली होती, पण वायसाकेने मांडी घातली तेव्हा दुकान उघडलेलं होतं. आता तो जे काही गाडणार, त्यात ते गाडलं जाणार नव्हतं.

त्याने मान खाली घातली. आता दात घ्यायला इनोके. तोही नेमका तिथेच, मासळी साफ करत. भाबडेपणाने म्हणाला, "थांब रे वायसाके, असल्या हातांनी दात कसा घेऊ? धुऊन येतो." आणि तो समुद्रावर गेला. दात घेतला जाईपर्यंत सोरो करणाऱ्याने उठायचं नसतं, मानही वर करायची नसते. एवढ्यात बस आली.

भरलेली बस रिकामी झाली आणि वायसाकेच्या चहूबाजूंनी लोक जेवायला बसले. त्याला फक्त त्यांचे पाय दिसत होते. त्यांतले बरेच त्याच्या ओळखीचे असावेत. रोज त्याच्याच उंबऱ्यातून आत यायचे.

"कोण हो हे?" एका म्हातारीने विचारलं.

"रांगेत आहेत," उनाइसी म्हणाली आणि तिच्या ताटात आणखी रस्सा वाढला.

इनोके आला तोवर पातेल्याचा तळ दिसू लागला होता. सोरोला जाताना लोक बोलका माणूस बरोबर नेतात. तो चूक गोल गोल शब्दांत झाकून मांडतो. पण बोलक्याला जेवू घालावं लागतं. वायसाकेने ते वाचवलं होतं. आता स्वतःच सांगणं भाग होतं.

"मी म्हणालो होतो... ते हात माझ्या बायकोचे."

"मोठ्याने, बाबा," मागून ड्रायव्हर ओरडला. "ऐकू येत नाही!"

"हात वहिनीचे होते! मासळी पहिल्यापासून वहिनीचीच!"

एवढी जाहिरात तिला कुठल्या पैशांनी मिळाली असती? इनोकेने डोळे पुसत दात घेतला. टाळ्या वाजल्या. प्रकरण गाडलं.

उनाइसीने एक वाक्य केव्हापासून जिभेवर घोळवून ठेवलं होतं: "भावोजी, भांडी घासायला माणूस हवाय, येता का?" मला रोज म्हणून दाखवायची. आता ते कायमचं गिळावं लागलं. तिने मुकाट्याने उरलेली मासळी त्याला वाढली. तो जेवला. बोटं चाटली. मग खरकटं ताट हातात धरून इकडेतिकडे बघू लागला.

उनाइसीने पाण्याची बादली पायाने वीतभर त्याच्याकडे सरकवली.

सगळा बस स्टँड बघत होता. वायसाकेने बाह्या वर केल्या आणि ताट घासलं. चांगलं लख्ख घासलं.

ही गोष्ट उनाइसी कुणाला सांगत नाही. सोरो झाल्यावर सांगायची नसते. मी सांगतो, माझ्यापुढे कुणी दात ठेवलेला नाही.