हजेरीतली सखू

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवते. लहानपणी नव्हता, आज नातवंडं झाली तरी नाही. माझा नवरा झोपेत घोरायचा, त्याहून भयानक आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही... आणि त्याच्याबरोबर सगळा संसार काढला. तेव्हा घाबरट बाईची गोष्ट म्हणून हे वाचू नका. नातीने या सदरातले चार अनुभव मोठ्याने वाचून दाखवले. सगळ्यांत आपलं पिंपळ, अमावस्या आणि पांढरी साडी. म्हटलं, माझ्याकडे पण एक आहे, पण भर दुपारचा. आणि साडी हिरवी होती.

सत्तर ते ऐंशीच्या मधली गोष्ट. आम्ही कोराडीला, वीज केंद्राच्या कॉलनीत राहायचो. बाबा तिथेच नोकरीला. मी नागपुरात सक्करदऱ्याच्या एका छोट्या कॉलेजात बी.ए. करत होते. कॉलेज म्हणजे काय, तर भाड्याची दुमजली इमारत — खाली पिठाची गिरणी, वर आम्ही. गिरणी सुरू झाली की इतिहासाचे सर बोलणं थांबवून खिडकीतून बाहेर बघत बसायचे. त्यांना ते आवडायचंही बहुतेक. बाकांवर पिठाचा थर असायचा आणि मी येताना कोराडीची राख अंगावर घेऊन यायचे. मुलींनी माझं नाव ठेवलं होतं 'राखुंडी'. दात घासायची!

तेव्हाची मी म्हणजे एक ध्यानच. दोन घट्ट वेण्या, आणि पुस्तकं छातीशी अशी धरलेली, जणू कोणी ती पळवायलाच टपलंय. कोणीतरी "चल गं, चहाला" म्हणेल म्हणून तास संपल्यावर मी मुद्दाम हळूहळू पिशवी आवरायचे. इतकी हळू, की शिपाई येऊन खिडक्यांच्या कड्या लावायला लागायचा. कोणी म्हटलं नाही. मग बर्डीला बस बदलून घरी. आई विचारायची, "मैत्रिणी झाल्या का वं तुले?"

"ढीगभर!" मी सांगायचे.

आमच्या प्राचार्यांना समाजकार्याचं भारी वेड. कॉलेज लहान असलं तरी आजूबाजूच्या वस्तीच्या कामी आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक विद्यार्थ्याला काहीतरी काम घ्यावंच लागायचं, तेही जोडीने. जोड्या लागल्या. उरलं कोण? राखुंडी. मग मला एकटीलाच सक्करदरा तलावापलीकडच्या विणकरांच्या वस्तीत बायकांना लिहा-वाचायला शिकवायचं काम मिळालं. दुपारी, देवळाच्या सभामंडपात. बायका मागासाठी सुताच्या कांड्या भरून हात मोकळे झाले की यायच्या.

आणि तिथे, तुम्हाला सांगते, पहिल्यांदा कोणीतरी माझी वाट बघत असायचं.

शिकवणंही माझं अजबच होतं. मी डावखुरी. अक्षर काढताना आधी डोक्यावरची रेघ ओढते, तीसुद्धा उजवीकडून डावीकडे, आणि मग तिच्याखाली अक्षरं टांगते. शाळेत त्यापायी हातावर पट्ट्या खाल्ल्या. पण या बायकांना ते लगेच पटलं. शारजाबाई म्हणून त्यांच्यात एक पुढारी होती, ती म्हणाली, "आधी दोरा ताणाचा, मंग वीण घालाची. बराबर तं आहे!" झालं. सगळा वर्ग तसाच लिहायला लागला.

अडचण एकच होती. कॉलेजचा नियम असा, की दहा बायका नसतील तर वर्ग बंद. माझ्याकडे नऊच. वर्ग बंद म्हणजे मी ग्रंथालयात पुस्तकांची धूळ झटकायला. पुन्हा ती पिशवी आवरणं.

"काहून तोंड पाडून बसली वं मास्तरीण?" शारजाबाईने विचारलं. मी सांगितलं.

"हात्तीच्या! एक नाव वाढव ना. तुमच्या कॉलेजात पोट्टे नाही का एकमेकाची हजेरी लावत? माहा भाचा सांगत होता, काय म्हणतेत त्याले... पराक्सी!"

"पण नाव काय लिहू?"

"सखू लिही. सखू नावाची बाई कधी कोणाले तरास देत नाही."

मग रोजची गंमत सुरू झाली. मी "सखू" म्हटलं की रोज वेगळी बाई आवाज बदलून "आली जी!" म्हणायची आणि सगळ्या तोंडाला पदर लावून खिदळायच्या. हळूहळू सखूला घरदारही मिळालं.

"सखू आज उशिरा आली वं, सासूनं कोंडून ठेवली होती."

"नवरा पेऊन पडला तिचा. दारातच!"

"पोर नाही ना तिच्या पोटी, म्हणून बोलणे खाते बिचारी," असं मंजुळा म्हणायची. मंजुळा वर्गात सगळ्यांत लहान, लग्नाला चार वर्षं झालेली, मूल नसलेली. जी ती आपल्या घरचं काढून सखूच्या अंगावर घालत होती, हे मला आज कळतं. तेव्हा सगळ्यात मोठ्याने मीच हसायचे. अक्कल ती केवढी!

त्याहून मोठा वेडेपणा पुढे आहे. कोराडीच्या बसमध्ये शेजारची सीट रिकामी असली की मी पिशवी उचलून मांडीवर घ्यायचे. सखूला बसायला जागा! आणि मनातल्या मनात तिच्याशी बोलायचे. आज सरांनी काय विचारलं, मी काय चुकले. एकदा तिला म्हणाले, "माझ्याशी कोणी बोलत नाही गं, सखू. मी घरी खोटं सांगते." हे ओठांवरही आलं नव्हतं, नुसतं मनात.

आणि एके दिवशी न कळवता तपासणी आली. प्राचार्य, आणि त्यांच्याबरोबर वरच्या कार्यालयातल्या जाड चष्म्याच्या एक मॅडम. बायका बसलेल्या होत्या. मॅडमनी हजेरी स्वतःच हातात घेतली आणि म्हणाल्या, "नाव घेतलं की उभं राहायचं."

नुसता आवाज काढून भागणार नव्हतं. एकेक नाव झालं, एकेक बाई उभी राहून खाली बसली. नऊ संपल्या.

"सखू."

शारजाबाई माझ्याकडे बघतेय, मी जमिनीकडे. गेला वर्ग, मी मनात म्हटलं.

"आली जी."

मागच्या खांबापाशी एक बाई उभी राहिली. हिरवं लुगडं, डोळ्यांपर्यंत ओढलेला पदर, अंगाने अगदी वाळकी. मला वाटलं, शारजाबाईने ऐन वेळी कोणाला तरी पकडून आणून बसवलं. जीव भांड्यात पडला... पण अर्धाच. कारण मॅडम म्हणाल्या, "या, फळ्यावर नाव लिहून दाखवा."

आता पकडले जाणार! ती पुढे आली, खडू घेतला. आधी रेघ ओढली. उजवीकडून डावीकडे. मग तिच्याखाली सावकाश एकेक अक्षर टांगलं — सखू.

"हे असं कसं लिहिणं?" मॅडमनी कपाळाला आठी घातली, पण वाचता येत होतं. मग त्यांनी विचारलं, "या वर्गाचा तुम्हाला काय फायदा झाला?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्या बायकांना तोंडपाठ होतं — बसची पाटी वाचता येते, जी! ती मात्र म्हणाली, "माहा काही फायदा नाही जी. मास्तरीणबाईले कोणी नाही. एकल्या पडतेत... म्हणून या लागते."

प्राचार्य हसले. मॅडमही हसल्या. मला मात्र पायाखालची फरशी गार लागायला लागली.

वर्ग वाचला. ते दोघं गेल्यावर बायकांनी टाळ्या पिटल्या, मंजुळा धावत जाऊन घरून पातेलंभर चहा घेऊन आली. दोन घोट झाल्यावर मी शारजाबाईला विचारलं, "कुणाला आणलं होतं हो?"

"मी? मले वाटलं तूच कॉलेजातून कोणी पोट्टी लुगडं नेसवून आणली!"

मंजुळा म्हणाली, मी नाही. बाकीच्याही, मी नाही. खांबापाशी आता कोणी नव्हतं. ती वस्ती म्हणजे कोणाच्या घरी आज कोणती भाजी शिजली ते सगळ्यांना ठाऊक असणारी. तिथेही त्या वर्णनाची बाई कोणाला माहीत नव्हती. बायकांनी संध्याकाळपर्यंत घरोघरी विचारलं. शारजाबाई फळ्यापुढे उभी राहून बराच वेळ त्या रेघेकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "शिकली तं आपल्याच वर्गात आहे वं."

आणि माझ्याकडे वळून, "तू एकली पडते? कधी बोलली नाही."

मी रडले भोकाड पसरून. त्या दिवसापासून वर्ग संपला की शारजाबाई मला बस स्टॉपपर्यंत सोडायला यायची. बस येईपर्यंत बडबडायची, आणि बस हलली की ड्रायव्हरला ओरडून सांगायची, "सांभाळून ने रे, मास्तरीण आहे आमची!"

दुसऱ्या दिवशी हजेरीत मी "सखू" म्हटलं. कोणी आवाज बदलला नाही, कोणी हसलं नाही. सगळ्या खांबाकडे बघत होत्या. मी थोडं थांबले. कॉलेज संपेपर्यंत रोज त्या नावापाशी थांबत होते. ती पुन्हा आली नाही.

नात म्हणते, "आजी, शेजारच्या वस्तीतली असेल कोणी. खांबाआड बसून शिकत असेल गुपचूप." असेल बाई. रेघेचं कोडं त्याने सुटतं. पण मी बसमध्ये मनात बोललेलं तिला कसं कळलं? इतक्या वर्षांत मला तिची भीती मात्र कधी वाटली नाही. वाटतं ते वेगळंच. मला सोबत हवी म्हणून ती आली, आणि तिला राहायला आम्ही घर कसलं दिलं होतं? कोंडून ठेवणारी सासू, दारात पडलेला नवरा. हसत हसत दिलं होतं. त्या दुपारी वर्ग वाचला म्हणून आम्ही बशांत चहा ओतत होतो आणि ती कधी उठली, कोणत्या वाटेने गेली, कोणी पाहिलं नाही. एवढ्या बायका होतो आम्ही तिथे, पण "थांब वं, चहा घेऊन जा" असं एकीनेही तिला म्हटलं नाही.

मीसुद्धा नाही.