पायाला कळणारी गाडी

आमच्या पोशीरच्या दारात काही महिने दोन पिकअप उभ्या होत्या, एक जुनी, एक नवी. नावं वेगळी असली तरी दोन्ही कंपन्या एकाच घराण्यातल्या. बाबा जुनीला थोरल्या पातीची म्हणायचे आणि नवीला धाकट्या पातीची. "एकाच आयशीची लेकरं हायेत," ते शेजाऱ्यांना सांगायचे, "पन ही शहरात शिकून आल्ये."

शिकून आलेलीच होती. दोन्हींची बॉनेटं उघडून शेजारी शेजारी उभ्या केल्या तर आतली मांडणी बरीचशी एकसारखी. ऑइल बघायच्या काडीची पिवळी कडी तीच, दाराची कडी तीच, काच खाली करायचा दांडाही तोच. बाकी सगळं निराळं. जुनीचं स्टिअरिंग वळवायला खांदा लावावा लागे, नवीचं एका बोटाने फिरे. जुनीत गिअरच्या झाकणातून येणाऱ्या उष्णतेने पोटरी भाजायची, नवीत एसी. जुनी चालू केली की समोर ठेवलेली पाण्याची बाटली थडथडत कडेला जाऊन खाली पडायची. नवीत बाटली जागची हलत नसे. रिव्हर्स टाकला की नवी आतल्या आत टीं-टीं करायची, मागे काही जवळ आलं की आणखी जोरात. या टीं-टींवर मी भाळले होते. नवी घ्यायचा आग्रह माझाच. मी साजगावच्या एका कारखान्यात स्टोअरला आहे, दिवसभर माल चढता-उतरताना बघते, त्यामुळे गाड्यांतलं मला कळतं असा माझा समज. आणि जुनी आता पासिंगला उभी राहण्याच्या लायकीची उरली नव्हती. क्लचप्लेट गेल्यावर तर ती चिंचेखाली गेली ती गेलीच.

बाबांचं सगळं आयुष्य त्या जुनीत गेलं. भात गिरणीवर, भाजी मार्केटात, आणि सुगी संपली की पेंढा तबेल्यांवर. शेतात त्यांचं कधी मन रमलं नाही. दोन दिवस गाडी बंद राहिली की घरात कोणाशी धड बोलायचे नाहीत. गाडीत चढण्याआधी ते चपला काढायचे, सीटमागे ठेवायचे आणि अनवाणी चालवायचे. आम्हाला वाटे, भक्ती. देवळासारखं. पुष्कळ ड्रायव्हर असं करतात, त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. मला गाडी शिकवली तेव्हा माझ्याही चपला काढायला लावल्या होत्या. मे महिन्यात, तापलेल्या पत्र्यावर. मी बोंब ठोकली तर म्हणाले, "चटका बसला तरी चालंल, पन पाय उघडा पायजे."

नवी आली त्या दिवशी नारळ फुटला, चाकाखाली लिंबं ठेवली, आईने हळदकुंकू लावलं. बाबा चपला काढून आत बसले. खाली जाड रबरी मॅट, त्याखाली आणखी कसलं तरी अस्तर. त्यांनी चावी फिरवली, गाडी चालू झाली. मग त्यांनी पुन्हा चावी फिरवली. कर्रर्र असा दात खाल्ल्यासारखा आवाज झाला आणि जमलेले सगळे हसले. मी ओरडले, "अहो बाबा, चालू हाय ती!" बाबा आमच्या तोंडांकडे बघून ओशाळले. "नवी हाय गं, कळत नाय अजून," म्हणाले.

ते कळणं काही आलं नाही. दर रविवारी मी सासरहून पोशीरला जायची आणि दर रविवारी ती कर्रर्र ऐकायची. शेवटी स्टार्टरने मान टाकली. चौक गावच्या गॅरेजवर नेली, तिथले चाचा जुन्या गाडीपासूनचे ओळखीचे. त्यांनी स्टार्टर हातात घेऊन विचारलं, "चालू गाडीला परत चावी कोन मारतंय?" बाबा रस्त्याकडे तोंड करून उभे होते. चाचांनी पुन्हा विचारलं. बाबा ट्रक बघत होते. मला वाटलं, लाजले. "सवय व्हायचीय त्यांना," मीच उत्तर देऊन मोकळी झाले.

मग पेंढ्याचे दिवस आले. अंगणात पेंढ्याची उडवी रचलेली होती आणि तिला गाडी लावायची होती. आई मागे उभी राहून गाडी मागे घ्यायला खुणावायची, लग्न झाल्यापासून हे काम तिचंच. तोंडाने ती कधी ओरडत नसे. गाडीच्या मागच्या फाळक्यावर थाप मारायची. एक थाप म्हणजे ये, दोन म्हणजे थांब. मी बाबांच्या शेजारी बसले होते. त्यांनी रिव्हर्स टाकला. टीं-टीं सुरू झाली, मग घाईची झाली, मग सलग एकच सूर. मागून थापा ऐकू आल्या, दोन, पुन्हा दोन, मग नुसता पत्रा बडवणं. बाबा शांतपणे आरशात बघत गाडी मागे घेत होते, आणि आरशात पेंढ्याखेरीज काही दिसत नव्हतं.

"बाबा थांबा!" मी कानाशी ओरडले. ते थांबले नाहीत. मी हँडब्रेक ओढला तेव्हा त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "काय झालं गं?" त्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, मी का घाबरले आहे एवढंच विचारत होता तो. मी आईसाठी घाबरले होते की त्यांच्यासाठी, आजही सांगता येणार नाही.

मागे भिंत नव्हती, पेंढा होता, म्हणून आई वाचली. उडवीत कमरेपर्यंत दाबली गेली होती आणि केसांत पेंढा होता. मनगट फाळक्यात सापडून मोडलं. बाबा अनवाणी धावत आले आणि तिला बाहेर ओढताना एकसारखं म्हणत होते, "थाप का नाय मारलीस? थाप का नाय मारलीस गं?"

कर्जतहून प्लास्टर घालून आणल्यावर मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. तिला माहीत होतं. कितीतरी वर्षांपासून माहीत होतं. म्हणूनच ती कधी हाक मारत नसे. भांडं आपटायची, खांद्याला हात लावायची, फाळका बडवायची. मी तिच्यावर इतकी चिडले की आवाज चढला. हळू बोल, असंही ती म्हणाली नाही. घरात आता त्याची गरज नव्हती.

"तू मेली असतीस," मी म्हटलं.

"मंग काय करायचं? घरात बसवायचं यांना?" आई म्हणाली. "तुला सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी चावी काडून घेतली असतीस."

काढून घेतलीच असती. आणि आता तेच करायला मी बाबांसमोर ओसरीवर बसले. तोंडासमोर तोंड आणून सावकाश बोलले. ते माझ्या ओठांकडे बघत होते, आणि मला वाटलं, हे तर ते किती दिवस करताहेत. आपण म्हणायचो, बाबा किती लक्ष देऊन ऐकतात.

"बहिऱ्याला भाडं कोन देतो?" ते म्हणाले. मग म्हणाले, "जुनीत माझं कदी चुकलं नाय. ती पायाला कळते. चालू झाली कळतं, धापा टाकते ते कळतं, तुज्या आयशीची थापसुदिक पायाला येते. हिच्यात काय लागतच नाय पायाला. मेल्यावानी बसते." त्यांनी विचारलं, "क्लचप्लेट टाकून जुनीच चालवू?"

मला हो म्हणायचं होतं. दुसऱ्या कुणाच्या बापाबद्दल असतं तर म्हटलंही असतं. पण थाप पायाला येते, मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न येत नाही. मी नाही अशी मान हलवली. त्यांनी चावी काढून माझ्या हातात दिली नाही, आमच्या दोघांच्या मधे ओसरीवर ठेवली आणि गोठ्याकडे गेले. इतकं वाईट मला सासरी निघतानाही वाटलं नव्हतं.

जुनी मोडीत काढायचं ठरलं. साजगावला कारखान्यांच्या मागे गाड्या तोडतात, तिथे न्यायची होती. क्लच नसल्यामुळे नवीच्या मागे टोचन करून, म्हणजे दोर बांधून ओढत. टोचन केलेल्या गाडीत स्टिअरिंग धरायला माणूस लागतो. मी शेजारच्याला बोलवायला निघाले होते, पण आईने प्लास्टरचा हात आडवा केला. "बसू दे त्यांना," म्हणाली.

पोशीरहून नेरळ, कर्जत, पळसदरी करत आम्ही निघालो. मी पुढे नवीत, बाबा मागे जुनीत. सावकाश, पुढे मोकळं असलं तरी सावकाश. बाबांचं काम फक्त माझे मागचे दिवे बघून ब्रेक दाबायचं, आणि त्यांनी दोर एकदाही ढिला पडू दिला नाही. आरशात मला जुनीच्या मागून काळा धूर दिसत होता. आधी कळेना, ओढून नेत असलेली गाडी धूर कशी सोडते. मग कळलं. त्यांनी इंजिन चालू ठेवलं होतं, चालवायला काहीही नसताना, घरापासून साजगावपर्यंत.

तोडणाऱ्याच्या आवारात शिरल्यावर तिथला माणूस हात हलवत पुढे आला. "अहो, इंजिन का चालू? डिझेल फुकट जाळताय!" बाबांनी ऐकलं नाही. ते दोन्ही पाय खाली पत्र्यावर पसरून बसले होते. मी दाराशी जाऊन उभी राहिले, खांद्याला हात लावला नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी आपणहून चावी फिरवली. गाडी एकदा हादरली आणि थांबली. समोरची बाटली खाली पडली होती, ती त्यांनी उचलून घेतली. सीटमागून चपला काढल्या, खाली उतरून पायात घातल्या.

मी नवीचं डावीकडचं दार उघडून धरलं. बाबा आले, वर चढले आणि बसले. मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. चपला त्यांनी काढल्या नव्हत्या.