टेबलावर न सापडलेली पुस्तकं

गारखेड्यातल्या आमच्या सार्वजनिक वाचनालयात दर मार्चमध्ये बाद पुस्तकांची यादी होते. पाच वर्षांत कुणी घरी न नेलेलं आणि वाचनकक्षाच्या टेबलावरही न सापडलेलं पुस्तक यादीत येतं. टेबलावरची मोजणी रोज संध्याकाळी होते. वाचकांनी पुस्तकं तिथंच सोडायची, आम्ही ती मोजून कपाटात लावायची, अशी पद्धत आहे.

मी इथं ग्रंथपाल आहे. बाद होणाऱ्या पुस्तकाची दहा पानं वाचल्याशिवाय मी त्यावर शिक्का मारत नाही. नियम नाही, माझी सवय आहे. या सवयीमुळे बरीच पुस्तकं बाद होण्यापासून वाचली आणि काही मी घरी नेऊन शेवटपर्यंत वाचली. उर्दू पुस्तकांना मात्र ती लागू नव्हती. मला उर्दू वाचता येत नाही.

गेल्या वर्षी उर्दूचं अख्खं कपाटच यादीत आलं. एकाही पुस्तकाची नोंद नव्हती आणि स्पर्धा परीक्षेच्या मुलांना बसायला जागा हवी होती. शनिवारी कार्यकारिणीची बैठक होती. गुरुवारी शिपायानं सुतळीनं गठ्ठे बांधले.

शुक्रवारी सकाळी एक वाचक रिकाम्या कपाटापुढं उभे दिसले. चिकलठाण्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. त्यांना सगळे चाचा म्हणत. रोज अकरा ते एक ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसत. वर्तमानपत्रं वाचायला येतात, असा माझा समज होता.

“मॅडम, किताबा कुठं गेल्या?”

“बाद होणार आहेत, चाचा. पाच वर्षांत कुणी वाचल्या नाहीत.”

“कुणी नाय? मग मी इथं रोज हवा खायला येतो का?”

“तुम्ही एकही घरी नेली नाही.”

“घरात चार नातवंडं हायेत. पुट्ठा बी उरणार नाय.”

“टेबलावरही कधी सापडली नाही.”

“सापडंल कशी? उठताना जिथली तिथं ठेवतो. सारी नोकरी हत्यारं तशीच ठेवली. पाना टेबलावर टाकून गेलो असतो तर सुपरवायझरनं घरी बसवलं असतं.”

शिपाई हसला. “चाचा, एखाद्या दिवशी पसारा करायचा की.”

“तुझ्याकडून शिकायला पायजे होतं,” चाचा म्हणाले.

मी एक गठ्ठा सोडला आणि त्यांना दहा पानं वाचून दाखवायला सांगितलं. त्यांनी एक प्रवासवर्णन निवडलं. बोलण्यातली उर्दू मला समजते. अडलेल्या शब्दाचा अर्थ ते मराठीत सांगत. दहावं पान वाक्याच्या मध्येच संपलं. मी पुढं वाचायला सांगितलं.

शनिवारी बैठकीत मी माझी यादी चुकल्याचं सांगितलं.

“एका माणसासाठी कपाट अडवायचं का?” चिटणीसांनी विचारलं.

“एक माणूस आपल्याला कळला,” मी म्हणाले. “पुस्तक जागेवर ठेवणारे आणखी किती आहेत, ते माहीत नाही.”

दिवाळीपर्यंत कपाट ठेवायचं आणि मग मोजणी पाहायची, असं ठरलं. चाचांना पुस्तकं टेबलावर सोडायला सांगितलं. पहिले काही दिवस ते दारापर्यंत जाऊन मागं वळून बघत. दिवाळीनंतर कपाट कायम राहिलं आणि परीक्षेच्या मुलांची टेबलं व्हरांड्यात लागली.

त्यानंतर मी जुन्या याद्या काढल्या. त्यांतही काही उर्दू पुस्तकं होती. नावं देवनागरीत लिहिलेली होती. मी त्या चाचांपुढं ठेवल्या. ते एकेका ओळीवर बोट ठेवत वाचत गेले आणि दोन नावांपाशी थांबले.

“ह्या दोन लई दिवस शोधल्या मी,” ते म्हणाले. “वाटलं, कुणीतरी वाचायला नेल्या.”